जुन्या मुंबईचा जीर्णोद्धार : खर्च कोणी सोसायचा?

पावसाळा तोंडावर आला की दक्षिण मुंबईतील अतिधोकादायक इमारतींची यादी म्हाडाच्या दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडून प्रसिद्ध होते. रहिवाशांना घरे रिकामी करण्याच्या नोटिसा बजावल्या जातात. थोडे जातात, पुष्कळसे तेथेच राहतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून तिशीहून अधिक माणसे दगावली. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीतील केसरबाई इमारतीने आणखी बळी घेतले. अशा प्रत्येक वेळी चौकशी जाहीर होते, दोष पावसावर वा एखाद्या कंत्राटदारावर ठेवला जातो आणि पुढील पावसाळ्यापर्यंत विषय मिटतो. वस्तुतः या इमारती पावसाने पडत नाहीत. ज्या आर्थिक व्यवस्थेत त्या सात-आठ दशके उभ्या आहेत, त्या व्यवस्थेनेच त्या पोखरल्या आहेत.

कुलाबा ते शीव-माहीम हा मुंबईचा मूळ भाग. १९७१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३०.७ लाख होती आणि २०११ च्या जनगणनेत ३०.८५ लाख. त्याच चाळीस वर्षांत बृहन्मुंबईची लोकसंख्या ५९.७ लाखांवरून १२४.४ लाखांवर गेली. वाढ सारी उपनगरांत झाली. गिरगाव, ठाकूरद्वार, काळबादेवी येथील शिक्षक, कारकून आणि लहान व्यापारी यांची पुढची पिढी बोरिवली-डोंबिवलीकडे सरकली. ज्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्या परिसरातील अनेक बिऱ्हाडे आता फक्त उत्सवापुरती परततात.

या स्थलांतरामागे शासनाचे धोरणही होते. शहराची गर्दी कमी करण्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली, पुढे वांद्रे-कुर्ला संकुल आखले गेले. भायखळ्याचा घाऊक भाजीबाजार आणि क्रॉफर्ड मार्केटचा घाऊक फळबाजार वाशीला गेला. २०१० मध्ये हिरेबाजाराने ऑपेरा हाउस सोडून वांद्रे-कुर्ला गाठले. फोर्ट आणि नरिमन पॉइंट येथील कचेऱ्याही हळूहळू उत्तरेकडे निघाल्या. गर्दी हटवण्याचा हेतू गैर नव्हता. पण जी माणसे आणि जे व्यवसाय मागे राहतील त्यांच्या घरांचे काय, याचा हिशोब त्या आराखड्यांत कोणी मांडला नाही.

तरीही जुनी मुंबई मृत झालेली नाही. मंगळदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट, झवेरी बाजार, लोहार चाळ येथे आजही पाऊल ठेवायला जागा नसते. येथे व्यापार जिवंत आहे आणि त्याला आसरा देणारी वास्तू मरत आहे. शहराच्या ऱ्हासाचे हे रूप पाश्चात्त्य नगरांहून निराळे आहे. अमेरिकेतील डेट्रॉइटसारख्या शहराचा मध्यभाग धंदा आणि वस्ती दोन्ही निघून गेल्याने ओस पडला. येथे मागणी आकाशाला भिडली असताना घरे ढासळत आहेत, म्हणून तिकडचे उपाय येथे लागू पडणार नाहीत.

गोठलेले भाडे

दुखण्याचे मूळ भाड्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवले. महायुद्धाने निर्माण केलेली टंचाई आणि फाळणीनंतरचा निर्वासितांचा लोंढा लक्षात घेता तो निर्णय न्याय्य होता. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षे जगला. त्या काळात सिमेंट, लाकूड, मजुरी यांच्या किमती अनेक पटींनी वाढल्या. भाडे तेवढे जागेवर राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली, कारण ती करणे म्हणजे पदरचे पैसे घालणे होते. भाडेकरूनेही ती केली नाही, कारण भिंत त्याची नव्हती. मालकाला मिळकत नाही आणि भाडेकरूला मालकी नाही, अशा अवस्थेत खोलीची खरी किंमत पागडीच्या रूपाने हातोहात फिरत राहिली. त्या पैशातला रुपयाही गळक्या छपरावर खर्च झाला नाही.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. त्यानंतर आलेला १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने बँका आणि एक कोटी वा अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांचे संरक्षण काढून घेतले, ही गोष्ट योग्यच झाली. इतरांसाठी मात्र वर्षाला चार टक्के वाढ ठरली. पन्नास रुपये भाड्यावर चार टक्के म्हणजे दोन रुपये. चक्रवाढीने धरले तरी पंचवीस वर्षांनी ते भाडे १३३ रुपयांच्या आसपास पोचते. एवढ्यात गिलाव्याची एक पाटीही भरत नाही.

दुरुस्ती आणि चटई क्षेत्र

भाड्यातून दुरुस्ती होत नाही हे शासनाला फार पूर्वीच उमगले होते. बेडेकर समितीच्या शिफारशींनंतर १९६९ चा कायदा आला. त्यातून १९७१ मध्ये उभे राहिलेले दुरुस्ती मंडळ १९७७ साली म्हाडात विलीन झाले. उपकर भरणाऱ्या इमारतींची संख्या प्रारंभी साडेएकोणीस हजारांवर होती. मंडळाने हजारो इमारतींना टेकू दिले, हे नाकारता येणार नाही. पण दुरुस्तीच्या खर्चाला दर चौरस मीटरमागे मर्यादा आणि काम मात्र अमर्याद. शिवाय इमारत रिकामी करून संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे वर्षानुवर्षे, क्वचित एक पिढीभर तेथेच अडकली. हे पाहिलेला रहिवासी धोक्याच्या नोटिशीला का जुमानत नाही, हे वेगळे सांगायला नको. त्याला छप्पर कोसळण्याच्या शक्यतेपेक्षा शिबिरात कायमचे अडकण्याची खात्री अधिक भयावह वाटते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिसरा मार्ग काढला : विकासकाने भाडेकरूंना विनामूल्य घरे द्यावीत आणि त्या मोबदल्यात वाढीव चटई क्षेत्र विकून नफा कमवावा. शासनाच्या तिजोरीला तोशीस न लागणारी ही युक्ती सर्वांनाच आवडली. तिच्यातील दोष अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसावा. पुनर्बांधणी कोठे होणार हे इमारतीच्या जीर्णतेवरून न ठरता वरच्या मजल्यावरील सदनिका काय भावाने विकली जाईल यावरून ठरते. मोठा भूखंड, रुंद रस्ता, समुद्राचे दर्शन असेल तेथे विकासकांची रीघ लागते. भुलेश्वरच्या गल्लीतील चिंचोळ्या भूखंडाकडे कोणी वळूनही पाहत नाही. घरांचा बाजार मंदावला की काम अर्धवट राहते आणि बाहेर गेलेल्या भाडेकरूंचे पर्यायी भाडे थकते. त्यातच पुनर्वसनाला लागणाऱ्या क्षेत्रावर पन्नास टक्के जादा क्षेत्र मिळत असल्याने जितके भाडेकरू अधिक तितके बांधकाम अधिक, असा नियम झाला. दाटी कमी करायची म्हणून सुरू झालेला प्रवास अधिक दाटीत संपला.

एकेका इमारतीऐवजी समूह विकास करावा, असे २००९ मध्ये ठरले. भेंडीबाजारात सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने सुमारे साडेसोळा एकर, अडीचशेच्या आसपास इमारती, तीन हजारांवर कुटुंबे आणि हजाराहून अधिक दुकाने यांची योजना हाती घेतली. तिचे महत्त्व मोठे आहे. पण तेथे नफ्याची अपेक्षा नसलेला विश्वस्त निधी होता आणि बहुसंख्य रहिवाशांचा त्यावर विश्वास होता. कामाठीपुऱ्यात किंवा गिरगावात असा विश्वास आयता मिळणार नाही. तो शासनाला आपल्या वर्तनाने कमवावा लागेल.

काय करता येईल

दोन टोकांची मते या प्रश्नावर नेहमी ऐकू येतात. भाडे कायदा रद्द करून बाजाराला मोकळीक द्यावी, हे एक. तसे केल्यास जे टिकवायचे ती माणसेच प्रथम हद्दपार होतील. भाड्याला हातच लावू नये, हे दुसरे. त्याचा अर्थ घर पडेपर्यंत भाडे स्वस्त ठेवणे, एवढाच होतो.

मध्यम मार्ग असा : दुकाने आणि कचेऱ्यांपासून प्रारंभ करून भाडे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने निदान देखभालीच्या खर्चाइतके न्यावे. ही वाढ मालकाच्या खिशात न जाता इमारतीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावी आणि दुरुस्तीचा दाखला मिळाल्यावरच उचलता यावी. निवृत्तिवेतनधारक, विधवा, अल्प उत्पन्नाची कुटुंबे यांचा भार शासनाने अनुदानाने उचलावा. गरिबाला निवारा देणे हे समाजाचे कर्तव्य असेल तर त्याचा खर्च समाजाने करावा. तो केवळ घरमालकावर टाकणे हा न्याय नव्हे, आणि वाढीव चटई क्षेत्राच्या रूपाने पुढच्या पिढीवर टाकणे हेही शहाणपण नव्हे.

दुसरे, प्रत्येक जुनी वास्तू पाडण्याजोगी नसते. सागवानी सांगाड्याच्या कित्येक चाळी वेळीच डागडुजी झाली तर आणखी बरीच वर्षे उभ्या राहू शकतील. शिवाय मनोऱ्यातील विनामूल्य घर खरोखर विनामूल्य नसते. उद्वाहन, पंप, अग्निशमन यांचा मासिक आकार चाळीच्या भाड्याच्या कितीतरी पट असतो. तो न झेपणारा भाडेकरू ते घर विकून वसई-विरार गाठतो. म्हणून पुनर्वसित इमारतींसाठी पुरेसा देखभाल निधी आधीच राखून ठेवणे सक्तीचे हवे, आणि तळमजल्यावरची दुकाने व माडीवरचे कारागीर यांना त्याच रस्त्यावर जागा मिळाली पाहिजे.

तिसरी गोष्ट तातडीची आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कुलाबा-सीप्झ भुयारी मेट्रो पूर्ण मार्गावर धावू लागली. काळबादेवी आणि गिरगाव येथे तिची स्थानके आहेत. जनतेच्या पैशातून झालेल्या या सोयीने आसपासच्या जमिनीची किंमत चढणार, यात संशय नाही. मालकाने वा विकासकाने काहीही न करता मिळणाऱ्या या वाढीचा वाजवी हिस्सा दुरुस्तीच्या निधीत वळवण्याची संधी आज आहे. व्यवहार उरकल्यानंतर ती राहणार नाही.

म्हाडा कायद्यातील २०२० च्या दुरुस्तीने धोकादायक इमारतीच्या पुनर्विकासाची पहिली संधी मालकाला, दुसरी भाडेकरूंच्या सहकारी संस्थेला आणि शेवटी म्हाडाला दिली आहे. सहकाराची परंपरा सांगणाऱ्या महाराष्ट्रात ही दुसरी संधी सर्वांत मोलाची ठरावी. पण कर्ज, वास्तुविशारद, हिशेबनीस यांपैकी काहीच हाताशी नसलेल्या वीस बिऱ्हाडांच्या संस्थेने ती कशी साधावी? तिला अल्प व्याजाचे कर्ज आणि तज्ज्ञांचे साहाय्य मिळाले नाही, तर हे कलम कागदावरच राहील. जुन्या मुंबईच्या पुनरुज्जीवनाची प्रामाणिक कसोटी हीच आहे : अर्थसंकल्पात त्यासाठी किती रक्कम राखली जाते. फुकट उभे राहणारे मनोरे मोजून ती लागणार नाही.