फोनमागे एक माणूस बसवा

दुबई, शारजा, अजमान, अबुधाबीत स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या मराठी बायका-पुरुषांना माझी एक कळकळीची विनंती आहे. आपल्या कामाबद्दल स्वतः बोला आणि कॅमेऱ्यासमोर येऊन बोला. करामा भागात डबे पुरवणारी, देरा भागात हिशेबाचं काम पाहणारा, शारजात गणिताच्या शिकवण्या घेणारी, अल कूझमध्ये एसी दुरुस्तीचं वर्कशॉप चालवणारा, ही सगळी माणसं कामात चोख असतात. त्यांच्या नावाने जे रील फिरतं त्यात मात्र बुर्ज खलिफा दिसतो, वर इंग्रजी अक्षरं सरकतात, मागे कुठलं तरी संगीत वाजतं. ज्याच्या भरवशावर पैसे द्यायचे तो माणूस दिसतच नाही. परक्या देशात नव्याने आलेलं कुटुंब आधी माणूस पाहतं, भाव नंतर विचारतं.

'मला कॅमेऱ्याची भीती वाटते,' असं उत्तर मिळतं. पण हीच माणसं मंडळाच्या गणेशोत्सवात भरल्या सभागृहासमोर सूत्रसंचालन करतात आणि रंगून करतात. तिथे समोर चेहरे असतात. कुणी मान हलवतं, कुणी हसतं, आणि त्या दादेवर पुढचं वाक्य सुचतं. फोनची लेन्स काहीच परत देत नाही. मग माणूस पाठ केलेलं आठवू लागतो, आवाज चढतो, हातांचं काय करावं ते कळेनासं होतं. तुम्हाला बोलता येतंच, फक्त समोर ऐकणारं कुणी नसतं.

तेव्हा फोनमागे एक खरा माणूस बसवा. नवरा, बायको, कॉलेजातली मुलगी, दुकानातला सहकारी, कुणीही चालेल. फोन डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि त्या माणसाला लेन्सला अगदी लागून बसू द्या. त्याने ग्राहक विचारतो तसा एकच प्रश्न विचारावा, तुम्ही त्याला उत्तर द्यावं. प्रश्न नंतर कापता येतो. स्क्रिप्ट लिहू नका, कारण लिहिलेलं आठवताना डोळे वर जातात आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होतो. पहिलं वाक्य तेवढं ठरवून ठेवा. अडखळलात तर थांबा, श्वास घ्या, तेच वाक्य पुन्हा बोला. घरात कुणीच मोकळं नसेल, तर ज्या ग्राहकाला उत्तर द्यायचं आहे त्याचं नाव मनात घेऊन सुरुवात करा. आणि स्क्रीनवरचा आपला चेहरा झाका. एक कागद चिकटवला तरी पुरे. स्वतःकडे बघत कुणालाच धड बोलता येत नाही.

काय बोलायचं, याची चिंता फार जण उगाच करतात. रोज ज्या प्रश्नाचं उत्तर देऊन तुमचं तोंड दुखतं, तोच तुमचा विषय. हिशेबाचं काम करणाऱ्याचं उदाहरण घ्या. इथे ५ टक्के व्हॅट १ जानेवारी २०१८ पासून आला आणि वर्षाची करपात्र विक्री ३,७५,००० दिरहमच्या वर गेली की नोंदणी सक्तीची झाली. पुढे १ जून २०२३ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून कंपनी कर आला, तो ३,७५,००० दिरहमच्या वरच्या करपात्र नफ्यावर ९ टक्के. आकडा एकच, पण एकदा तो विक्रीचा आहे आणि एकदा नफ्याचा. छोटे दुकानदार यात हमखास गोंधळतात. हे एवढंच एका मिनिटात नीट समजावून सांगा. विषय हाताखालचा असला की आवाजही हळूहळू जागेवर येतो. मोदक करणारीने उकड फाटू नये म्हणून काय करायचं ते दाखवावं, एसीवाल्याने फिल्टर कधी धुवायचा ते. हात कामात असले की ते कुठे ठेवायचे हा प्रश्नही मिटतो.

पहिला व्हिडिओ पाहिल्यावर स्वतःचा आवाज नकोसा वाटेल. तो जवळजवळ प्रत्येकाला वाटतो. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि त्यामुळे तो भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये ती हाडांची साथ नसते. चेहऱ्याचंही तसंच. आपल्याला ओळखीचा असतो तो आरशातला, उलटा चेहरा. बाकी सगळे तुमचा हाच आवाज आणि हाच चेहरा वर्षानुवर्षं ओळखतात. त्यांना त्यात काहीच खटकत नाही.

भाषेची लाज हा मला सगळ्यात मोठा अडसर वाटतो. आपल्या इंग्रजीला मराठी वळण आहे म्हणून कितीजणी गप्प बसतात! अहो, या देशात दोनशेच्या वर राष्ट्रांचे लोक राहतात. तुमचा ग्राहक मलयाळी, फिलिपिनो, इजिप्शियन किंवा पाकिस्तानी असेल, त्याच्याही इंग्रजीला त्याच्या गावचं वळण आहे. सावकाश आणि छोट्या वाक्यांत बोला, तेवढं पुरतं. आणि ग्राहक मराठी असतील तर सरळ मराठीत बोला. धनंजय दातार १९८४ मध्ये दुबईत वडिलांच्या किराणा दुकानात आले आणि पुढे 'अल अदील' या किराणा-मसाल्याच्या व्यवसायाचा एवढा व्याप उभा राहिला. त्यांच्या मराठी मुलाखती जरूर पाहा. सुरुवातीच्या दिवसांत दुकानात केलेल्या अंगमेहनतीचं ते घरच्यासारखं सांगतात. मसाल्याच्याच धंद्यातले 'एमडीएच'चे धरमपाल गुलाटी नव्वदी ओलांडल्यावरही स्वतःच्या जाहिरातीत फेटा बांधून बसायचे. त्यांना नटासारखं बोलता येत होतं म्हणून लोकांनी लक्षात ठेवलं नाही. माल ज्याचा, तोच समोर बसला होता.

'मंडळातले लोक काय म्हणतील' हेही मनात असतं. कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला अवघड वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल, असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात त्याच्या सुमारे निम्म्यांच्याच लक्षात आला होता. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. तुमचं अडखळणं तुम्हाला जेवढं दिसतं तेवढं कुणालाच दिसत नाही.

इथल्या कायद्याची माहिती असली की निम्मी धाकधूक जाते, म्हणून तेही सांगते. यूएई मीडिया कौन्सिलने २०२५ मध्ये जाहीर केलेला जाहिरातदार परवाना सोशल मीडियावर दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करणाऱ्यांसाठी आहे, मग त्यांनी पैसे घेतलेले असोत वा नसोत. स्वतःच्या किंवा स्वतःच्या कंपनीच्या मालाबद्दल आपल्या खात्यावर बोलणाऱ्याला त्यातून सूट आहे. व्यवसायाचा परवाना मात्र हवाच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. परवानगीशिवाय कुणाचं चित्रण करणं हा २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या सायबर कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्याला किमान सहा महिने कैद, दीड ते पाच लाख दिरहम दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मॉलमध्ये, मेट्रोत, समुद्रकिनाऱ्यावर मागे अनोळखी बायका-मुलं येतील असं शूटिंग करूच नका. तुमचं दुकान, स्वयंपाकघर, वर्कशॉप यांच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. सुरुवातीला तर तिथून बाहेर पडूच नका, कारण बघे जमले की नवखा माणूस आणखी बावरतो.

सामानावर खर्च नको. चेहरा खिडकीकडे करा, खिडकी पाठीशी घेऊ नका. चित्र थोडं अंधुक असलं तरी लोक बघतात, आवाज कळला नाही की लगेच पुढे जातात. इथल्या घरांत एसीची घरघर सतत चालू असते, तेव्हा तेवढं मिनिटभर तो बंद ठेवा. काही घ्यायचंच असेल तर कॉलरला लावायचा साधा माइक घ्या.

आणि पहिले काही व्हिडिओ जगासमोर टाकायची घाई नको. येत्या सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या ग्राहकाने अलीकडे विचारलेला प्रश्न घ्या, मिनिटभरात त्याचं उत्तर रेकॉर्ड करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त त्यालाच पाठवा. सोबत विचारा, 'नीट समजलं का?' तो उलट प्रश्न विचारेल. पुढच्या आठवड्यात त्याचं उत्तर द्या. असे पाच-सहा झाले की त्यातला जो सगळ्यात सरळ वाटेल तो स्टेटसला ठेवा.