किडेपोची तयारी, नायगावची वाट

'सफारी' हा शब्द इंग्रजीतून आला अशी आपली समजूत असते. खरे तर तो पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला. स्वाहिलीने तो अरबीतून घेतला आणि त्याच अरबी मुळातून फारसीच्या वाटेने आपल्याकडे 'सफर' आली. सव्वादोनशे वर्षे निजामी राजवटीत काढलेल्या मराठवाड्याला तर हा शब्द घरचाच. तेव्हा बीडच्या एखाद्या कुटुंबाने आफ्रिकेच्या सफारीचा बेत केला, तर नाके मुरडण्याचे कारण नाही. पैसा जमवावा आणि जरूर जावे.

माझ्या परिचयातल्या एका घरी मध्यंतरी असाच बेत शिजत होता. केनियाचा मसाई मारा सगळेच पाहतात, म्हणून यांनी निवडले होते युगांडाचे किडेपो. देशाच्या ईशान्य टोकाला, दक्षिण सुदान आणि केनियाच्या सीमेला लागून असलेले हे राष्ट्रीय उद्यान १,४४२ चौरस किलोमीटरचे आहे. राजधानी कंपालाहून तिथे जायचे तर दोन दिवसांचा रस्ता, नाहीतर लहानसे विमान. त्या विमानात सामान पंधरा किलोच्या आसपास आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची टणक बॅग चालत नाही. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यायची, तीही सरकारमान्य केंद्रातच. मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या. गडद निळे आणि काळे कपडे टाळायचे, कारण त्सेत्से माशी त्या रंगांकडे धावते. जायचे ते डिसेंबर ते मार्चमध्ये. तेव्हा बाकीचे पाणी आटते आणि हत्ती, रेडे, जिराफ नारुस खोऱ्यातल्या उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर गोळा होतात. त्या गृहस्थांनी हे सारे एका वहीत सुवाच्य अक्षरात टिपले होते. वही पाहून मला खरोखरच आदर वाटला.

गंमत अशी, की त्या वहीतला मुलूख बीडकराला परका वाटू नये. किडेपो नदी वर्षाचा बराचसा काळ नुसती वाळू असते. आपण सिंदफणेकडे आणि बिंदुसरेकडे पाहतो, तेव्हा दुसरे काय दिसते? भोवतीचा करामोजा प्रदेश अवर्षणाचा, लोक गुरांवर जगणारे. पाऊस हुकला की घर हलते.

वही मिटल्यावर मी सहज विचारले, "नायगावला कधी गेला होता?" त्यावर ते म्हणाले, "कुठले नायगाव?"

पाटोदा तालुक्यातले. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना बालाघाटच्या डोंगरात नायगाव मयूर अभयारण्य आहे. १९९४ मध्ये ते जाहीर झाले. क्षेत्र सुमारे तीस चौरस किलोमीटर, म्हणजे एका किडेपोत जवळजवळ पन्नास नायगावे मावतील. जंगल काटेरी आणि पानगळीचे. उन्हाळ्यात नवख्याला ते उजाड माळरानच वाटेल. सिंह नाही, हत्ती नाही. पण १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी असलेल्या मोरासाठी जिल्ह्यात राखून ठेवलेली ही जागा आहे, आणि आपल्यापैकी पुष्कळांना ती रस्त्यावरच्या पाटीपलीकडे ठाऊक नाही.

जवळचे दिसत नाही, एवढीच माझी तक्रार नाही. ज्याला ठाऊक आहे तो तिथे जातो कसा, ही मोठी तक्रार आहे. किडेपोसाठी जो माणूस माशीला आवडणारा रंगदेखील टिपून ठेवतो, तो नायगावला दुपारी बाराला, मोठ्याने गाणी लावून, प्लास्टिकच्या पिशव्यांसह जातो. "काही दिसले नाही," म्हणत परततो आणि वाटेत सौताड्याचा धबधबा उरकतो. दुपारी मोर झुडपाच्या सावलीला असतो, तो कसा दिसणार? तो पहावा उजाडताना किंवा दिवस कलताना. पावसाच्या तोंडावर आणि पहिल्या सरींनंतर पिसारा भरात असतो; पावसाळा सरू लागला की लांब पिसे गळतात. दिवाळीच्या सुटीत पिसारा पाहायला जाणे म्हणजे संक्रांतीला आंबे शोधणे. तेव्हा गेलात तर या डोंगरांतली सीताफळे मात्र मिळतील. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

आता जरा अवघड गोष्ट. किडेपो उद्यान १९६२ मध्ये झाले, युगांडा स्वतंत्र झाला त्याच वर्षी. ते करताना तिथल्या इक नावाच्या छोट्या जमातीला आपली शिकारीची आणि कंदमुळांची जमीन सोडून डोंगरात सरकावे लागले. पुढे त्यांनी भयंकर उपासमार सोसली. पर्यटकाला सिंह दिसतो; त्या जमिनीवरून कोण उठले, ते दिसत नाही. मात्र त्याच देशात पुढे कायदा झाला, की उद्यानाच्या प्रवेश शुल्कातला वीस टक्के भाग आसपासच्या लोकांना द्यायचा. तो किती पोचतो यावर वाद होत असतील, पण हक्क कागदावर आला.

नायगावच्या कडेला ज्यांची शेते आहेत, त्यांचे काय? मोर शहरवाल्याला सुंदर दिसतो. पेरलेले दाणे उकरणारा मोर शेतकऱ्याला सुंदर कसा दिसावा? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोराला सर्वात कडक संरक्षण दिले, ते योग्यच. पण त्या संरक्षणाची किंमत कोरडवाहू शेतकरी मोजतो आणि आपण फुकट पाहतो. आणि हा शेतकरी कोण? दिवाळी झाली की बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर जोडून ऊसतोडीला जाणारा. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागातली घरे पाच-सहा महिने कुलूपबंद असतात, नाहीतर म्हाताऱ्यांच्या हवाली.

पर्यटनाने ऊसतोड थांबेल, अशी थाप मी मारणार नाही. चार वाटाड्यांच्या मजुरीने तालुका तरत नाही. पण एक योग जुळतो, त्याकडे कुणी पाहिलेले दिसत नाही. मोर पाहण्याचा काळ जून ते ऑगस्ट, आणि नेमका याच काळात तोडणी कामगार गावात असतो. पेरणी-खुरपणीची घाई असते हे खरे, पण मोराची वेळ पहाटेची आणि सांजेची. डोंगराची प्रत्येक घळ ज्याला ठाऊक आहे त्याला वाटाड्या म्हणून रीतसर नेमावे, प्रवेश शुल्काचा ठरलेला वाटा गावाला द्यावा. कारखान्याच्या उचलीत त्याने चार हजार रुपये कमी घेतले, तरी मला ते किडेपोच्या सिंहाहून मोठे वाटेल.

वनखात्याने पर्यटकांच्या संख्येला मर्यादा मात्र आधीच घालावी. लांडोर पावसाळ्यातच, झुडपाखाली उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि सुमारे चार आठवडे एकटी उबवते. मोर त्यात हात लावत नाही. (पिसारा कुणाचा आणि राबते कोण, हे आपल्या घरांतल्या बायकांना समजावून सांगायला नको.) दोनशे माणसे आणि त्यांची कुत्री त्या झुडपांत घुसली, तर पुढच्या वर्षी पाहायला काय उरेल?

वहीवाले गृहस्थ किडेपोला जावोत. पण त्याआधी येत्या मृगात, वनखात्याची परवानगी काढून, दुर्बीण घेऊन, मातकट कपड्यांत त्यांनी एक पहाट नायगावला काढावी. अंधार असतानाच पोचावे आणि मुलांना बोलू देऊ नये. मोर रात्रभर उंच झाडावर असतात. उजाडले की आधी केकारव ऐकू येतो आणि मग एकेक जण जड पिसारा सावरत खाली उतरतो.