गहाळ फर्मा

ज्या पुस्तकांनी मराठवाड्यातल्या निदान दोन पिढ्यांना वाचनाचं वेड लावलं, ती आज शोधू म्हटलं तर हाती लागत नाहीत. बाबूराव अर्नाळकरांचे काळा पहाड आणि झुंजार, गुरुनाथ नाईकांच्या रहस्यकथा, नारायण धारपांचे समर्थ, अंतरकरांचं 'नवल' मासिक, 'चांदोबा', मराठीतलं इंद्रजाल कॉमिक्स. हे सगळं कधीकाळी हिंगोलीत पिशव्या भरभरून आलं. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर आलं, रेल्वेने आलं, परभणी-नांदेडला गेलेल्या माणसाच्या बगलेतून आलं. ग्रंथालयांनी घेतलं, झिजेपर्यंत फिरवलं आणि एके दिवशी निर्लेखनाच्या यादीत टाकलं. कादंबरीचा, चरित्राचा, संतवाङ्मयाचा पुन्हा विचार झाला. रहस्यकथेचा झाला नाही. ती किलोवर गेली.

उरली ती घरोघरच्या माळ्यावर. आमची पाच-सहा जणांची मंडळी ती गोळा करते.

रविवारी मोंढा बंद असतो. त्या दिवशी दुपारी एका मित्राच्या आडतीत, मागच्या खोलीत आम्ही बसतो. एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत. मुक्कामी गाडीच्या रात्री त्यांनी कंदिलावर आणि पुढे बॅटरीवर पुस्तकं वाचून काढली. उर्दू वाचणारे चाचा आहेत. फार्मसी शिकणारी एक पोरगी येते, तिने धारप मोबाईलवर ऐकून सुरुवात केली आणि आता जुन्या आवृत्तीशिवाय तिचं भागत नाही. चहा होतो आणि मग ज्याला जे सापडलं ते मधोमध ठेवलं जातं.

मागे याच आडतीच्या पोटमाळ्यावर एक खोकं निघालं. मित्राच्या वडिलांनी ठेवलेलं, वर हळदीची रिकामी पोती रचलेली. आतल्या पुस्तकांच्या कडांना पिवळी भुकटी बसलेली होती. त्या हळदीमुळे असेल, पण कसर जवळपास लागलेली नव्हती. मधल्या पिना मात्र गंजून कागदाला धरून बसल्या होत्या. आम्ही त्या पातळ चाकूच्या टोकाने एकेक वाकवून काढल्या. पीन ओढली की कागद येतो. आधी मागची दोन टोकं सरळ करावी लागतात, मग पाठीकडून हळूच सोडवायची. एका पुस्तकाला पाऊण तास लागतो. नंतर पांढऱ्या दोऱ्याने सैल टाके घालायचे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीच लावायची नाही, कारण काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होतो आणि खालची अक्षरं खाऊन टाकतो. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी, एवढंच चालतं.

हा कागदच मुळात टिकण्यासाठी केलेला नाही. स्वस्त कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. लाकडातला लिग्निन त्यात तसाच राहतो, हवा आणि उजेड लागला की पिवळा पडतो, कागदात आम्ल तयार होतं आणि धागे तुटू लागतात. आमच्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेलं पुस्तक पापडासारखं मोडतं. अमेरिकेत याच जातीच्या कागदावर मार्च १९२३मध्ये 'विअर्ड टेल्स' निघालं आणि एप्रिल १९२६मध्ये ह्यूगो गर्न्सबॅकचं 'अमेझिंग स्टोरीज'. तिथेही ती मासिकं वाचून फेकायची होती. त्यांतले अंक आज संग्राहक काचेत ठेवतात, विद्यापीठं जपतात, कारण कुणीतरी वेळेत गोळा केले. आपल्याकडे ती वेळ आत्ता, या दहा-पंधरा वर्षांत आहे.

त्या खोक्यातल्या एका पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हतं, नावाचं पान नव्हतं आणि शेवटचा फर्मा गहाळ होता. म्हणजे कथा जिथे उलगडायची, नेमकी तिथपासून शेवटपर्यंतची सोळा पानं. एका शास्त्रज्ञाच्या बंगल्यात एक यंत्र आहे, ते चालू झालं की खोलीतला माणूस दिसेनासा होतो, आणि रात्री त्याचा आवाज मात्र घरात फिरतो, अशी ती गोष्ट. लेखक कोण यावर दुपार गेली. वाहकभाऊ म्हणाले, "सर, मी हे वाचलेलंय. शेवटी तो शास्त्रज्ञच सापडतो भिंतीत." सर म्हणाले, "भिंतीत नाही हो. यंत्र मोडतं आणि आवाज एकदम थांबतो. मी दहावीला होतो, परीक्षा सोडून वाचलं." दोघांनीही वाचलेलं, दोघांनाही खात्री, आणि शेवट दोन. चाचांनी विचारलं, "कामून, दोन पुस्तकं नसतील कशावरून?" तेही शक्य होतं. शेवटी फार्मसीच्या पोरीने रेघी कागदावर दोन्ही शेवट लिहून काढले, खाली सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकली आणि पुस्तकाच्या मागे शिवले.

मला हे त्या रविवारचं सगळ्यात मोलाचं काम वाटलं. या पुस्तकांचं अर्धं आयुष्य छापील पानाबाहेर होतं. एक प्रत दहा घरं फिरायची, वाचणारा दुसऱ्या दिवशी पारावर किंवा गाडीत ती सांगायचा, सांगताना त्यात भर घालायचा. लेखकाने लिहिलं तेवढंच जपून भागत नाही. लोकांनी ती कशी वाचली, कुठे घाबरले, काय विसरले हेही मिळेल तिथून उतरवून घ्यायला हवं. ही माणसं आता साठी-सत्तरीत आहेत.

अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. त्यांच्या पुस्तकांवर रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं असायची, आणि मुखपृष्ठ गमावलेली पुस्तकं पाहून मला आतल्या गमावलेल्या पानांइतकंच वाईट वाटतं. मुळगावकरांची देवादिकांची कॅलेंडरं लोकांनी चौकटीत घालून भिंतीवर लावली. त्याच हाताने रंगवलेला पिस्तुलवाला मात्र शाळकरी पोरांच्या दप्तरात चुरगळला.

धारपांवर आमच्यात सगळ्यात जास्त भांडण होतं, आणि ते व्हायलाच हवं. 'लुचाई'चा सांगाडा स्टीफन किंगच्या १९७५च्या 'सालेम्स लॉट'चा आहे, 'शपथ'मागे त्याचीच 'इट' आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. सरांचं म्हणणं कडक: मूळ लेखकाचं नाव पहिल्या पानावर छापायला हवं होतं, त्याशिवाय वाचकाची फसवणूक होते. पोरीने दोन्ही वाचलंय, एक इंग्रजीत, एक मराठीत. ती म्हणते, गोष्टीचा आराखडा घेतला तरी भीती उसनी घेता येत नाही, ती इथल्याच घरात उभी करावी लागते. वाहकभाऊंना किंग माहीत नाही आणि त्याने काही बिघडलेलंही नाही. रात्री पुसेगावला मुक्कामी असताना धारप वाचून गाडीतून खाली उतरायची हिंमत झाली नव्हती, एवढं ते सांगतात.

माझं मत असं, की सर श्रेयाच्या बाबतीत बरोबर आहेत, आणि मराठीत भाषांतर-रूपांतराचं श्रेय बुडवण्याची जी जुनी खोड आहे तिच्यातून धारपही सुटले नाहीत. पण ते केवळ वाहतूक करणारे नव्हते. समर्थ या त्यांच्या नायकाच्या कथांमध्ये जे बाहेरून येतं, माणसाच्या मोजमापात न बसणारं, त्याची जात अमेरिकन भयकथालेखक लव्हक्राफ्टची आहे; 'विअर्ड टेल्स'च्या फेब्रुवारी १९२८च्या अंकात त्याची 'कॉल ऑफ क्थुलू' छापून आली होती. लव्हक्राफ्टचा माणूस ते पाहून वेडा होतो. धारपांकडे मात्र समोर उभा राहणारा कुणीतरी असतो. तो शांतपणे बोलतो, आजूबाजूच्यांना धीर देतो आणि मग लढतो. ही गोष्ट त्यांची स्वतःची आहे, आणि मराठी वाचक तिच्याकडे परत परत का गेला याचं उत्तरही तिच्यातच आहे. २०१८मध्ये 'तुंबाड' आला, त्याच्या प्रेरणांमध्ये धारपांची कथा असल्याचं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलं, आणि नव्या पोरांनी नाव शोधायला सुरुवात केली. धारपांची पुस्तकं पुन्हा छापून बाजारात आणली ती आपल्या मराठवाड्यातल्याच, छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने. याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

चाचांची गोष्ट वेगळी. आपला भाग १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, शाळेची आणि कचेरीची भाषा उर्दू. त्यामुळे या जिल्ह्याच्या अद्भुत वाचनात 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही दास्तान आणि इब्ने सफी हे परके नाहीत. इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' ही उर्दू हेरकथांची मालिका १९५२मध्ये अलाहाबादहून सुरू झाली. त्यांच्या कथांत झीरोलँड नावाची एक लपलेली सत्ता आहे, तिच्याकडे जगाच्या पुढचं विज्ञान आहे आणि त्या विज्ञानाच्या जोरावर तिला जगावर राज्य करायचं आहे. चाचा उर्दूतून वाचतात आणि मध्येमध्ये मराठीत सांगतात. हिंदी आवृत्त्यांत इब्ने सफींच्या नायकांची नावं बदलली: कर्नल फरीदीचा कर्नल विनोद झाला आणि इम्रानचा राजेश. आमच्यातले काही जण लहानपणी राजेश वाचून मोठे झाले. तोच चाचांचा इम्रान आहे हे त्या खोलीत बसल्यावर कळलं. दोन घरांत एकच माणूस दोन नावांनी राहत होता. मराठी रहस्यकथेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मुंबई-पुण्याबरोबर मराठवाड्यातलं हे उर्दू-हिंदी वाचनही हिशोबात घेतलं पाहिजे. त्याशिवाय इथल्या वाचकाला काय आवडत होतं आणि का, ते कळणार नाही.

विज्ञानकथेचं मराठी घराणंही बरंच जुनं आहे. १९००च्या सुमारास 'केरळकोकिळ'मध्ये ज्यूल व्हर्नची चंद्रावर जाण्याची गोष्ट मराठीतून येत होती. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला. 'चंद्रावर स्वारी' आणि 'मुक्काम शेंडेनक्षत्र' वाचलेली माणसं आमच्यात आहेत. मग १९७४ साल. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिला क्रमांक मिळाला, लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णू नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी कथा पाठवली होती, परीक्षकांनी नाव पाहून नंबर देऊ नये म्हणून. २०२१मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

'कृष्णविवर' ही कथा आम्ही वाचली तेव्हा खोलीत कुणीच ती लांबची गोष्ट म्हणून ऐकली नाही. औंढा नागनाथजवळ दुधाळा गावाच्या शिवारात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर, आत निर्वात पोकळी आणि लेझरचा झोत. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, त्याचा तो कंप. भारतातल्या या कामात नारळीकरांनी पुण्यात उभी केलेली 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था सहभागी आहे. टोपणनावाने कृष्णविवराची गोष्ट लिहिणाऱ्या माणसाची संस्था, आणि कृष्णविवरांच्या टकरी ऐकायला निवडलेली जागा आपल्या औंढ्याच्या वाटेवरची. सर हे सांगताना उभे राहिले होते. त्यांनी तीस वर्षं त्याच भागातल्या शाळांत विज्ञान शिकवलं आणि दप्तरात लपवलेली पुस्तकं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

याच हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेला जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांच्या बातम्या कित्येक वर्षं छापून येतात. कृष्णविवराचा कंप टिपणारं यंत्र आणि पायाखालून येणारा आवाज, दोन्ही एकाच जिल्ह्याच्या नकाशावर. धारपांना हा जिल्हा आवडला असता, असं पोरगी म्हणाली. मलाही तसंच वाटतं.

आता कामाचं. दिवाळीची साफसफाई सुरू होईल तेव्हा माळ्यावरचं खोकं रद्दीत देण्याआधी एकदा उघडा. आम्हाला हवेत 'नवल'चे जुने अंक, त्यातही दिवाळी अंक; मराठी इंद्रजाल, वेताळ आणि मांड्रेकचे, कोणत्याही अवस्थेतले; अर्नाळकर आणि नाईकांची पॉकेट बुकं; भागवतांच्या व्हर्नच्या पहिल्या आवृत्त्या; उर्दूतली 'जासूसी दुनिया', मुखपृष्ठ असलं तर सोन्याहून पिवळं. द्यायचं नसेल तर देऊ नका. आम्ही घरी येऊन पानापानाचे फोटो घेऊ आणि पुस्तक तुमच्या हाती परत ठेवू. आणि एखाद्याच्या घरी आजोबा किंवा आजी असतील, ज्यांना त्या दिसेनाशा होणाऱ्या माणसाच्या गोष्टीचा शेवट आठवतो, तर आम्हाला तिसरा शेवटही लिहून घ्यायचा आहे.