बाळाची शी आणि आपले गैरसमज

मंडळी, या पानावर बहुधा रक्तदाब, मधुमेह नाहीतर पेन्शनची चर्चा असते. आज मी चारचौघांत न बोलल्या जाणाऱ्या विषयावर लिहिणार आहे : नवजात बाळाची शी.

सप्टेंबर २०१५ अखेरची गोष्ट. ओळखीच्या एका मराठी घरात मुलगा झाला. दोन दिवस उलटले तरी शी नाही, पोट फुगलेले. बाळंतपणासाठी साताऱ्याहून आलेल्या आजींनी बेंबीभोवती हिंग लावला, घुटी उगाळली. मग हिरवी उलटी झाली आणि सगळे इस्पितळाकडे धावले. निदान झाले हिर्शस्प्रुंगच्या आजाराचे. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नव्हत्या. ऑपरेशन झाले, बाळ वाचले. घरी आल्यावर मात्र आजी सुनेला म्हणाल्या, "मार्चमधल्या ग्रहणात भाजी चिरू नकोस, असं मी फोनवर सांगितलं होतं." मी तिथेच चहा पीत बसले होते. तीस वर्षे लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केलेली मी, वडीलधाऱ्या बाईंपुढे गप्प राहिले. ते अजून खुपते.

तेव्हा जे बोलायला हवे होते ते आता सांगते. आतड्यातल्या मज्जापेशी मूळच्या आतड्यातल्या नसतात. गर्भाच्या पाठीकडे मेंदू आणि मज्जारज्जूची नळी तयार होते. तिच्या काठावरून काही पेशी सुटतात आणि अंगभर पसरतात. त्यांना न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणतात. विल्हेल्म हिस यांनी १८६८ साली कोंबडीच्या गर्भात त्यांचे प्रथम वर्णन केले. त्वचेला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी, चेहऱ्याची बरीचशी हाडे, आतड्याच्या मज्जापेशी, ही सगळी त्यांचीच लेकरे. कोणी काय व्हायचे हे बरेचसे वाटेत मिळणाऱ्या रासायनिक निरोपांवर ठरते. पेशीच्या अंगावर हे निरोप ऐकणारे रेणू असतात, कानच म्हणा ना! ऐकलेला निरोप आत एकाकडून दुसऱ्याकडे जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो आणि तिथे काही जनुके चालू होतात, काही बंद.

आतड्याकडे निघालेल्या पेशी चौथ्या आठवड्यात वरच्या बाजूने शिरतात आणि सातव्याच्या सुमारास खालच्या टोकाला पोचतात. जीडीएनएफ नावाचा निरोप त्यांना जगवतो, वाढवतो, पुढे बोलावतो. तो ऐकणाऱ्या कानाचे नाव 'रेट'. दुसरा निरोप एंडोथेलिन-३ चा : इतक्यात संसार मांडू नका, आधी संख्या वाढवा. तो ऐकू आला नाही तर पेशी वाटेतच पक्क्या मज्जापेशी होऊन बसतात, पुढे जायला पुरेशा उरत नाहीत आणि शेवटचा टप्पा रिकामा राहतो. आतड्याचा तो भाग आवळलेलाच राहतो, मळ पुढे सरकत नाही.

या निरोपाचा ठळक पुरावा आपल्या मुंबईचा आहे. १९८१ साली डॉ. के. एन. शाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच कुटुंबांतल्या १२ बाळांची नोंद केली. कपाळावर पांढऱ्या केसांची बट, भुवया-पापण्याही पांढऱ्या, आणि आतडे बंद. केसांचा आणि आतड्याचा संबंध काय? एंडोथेलिन-३ चा निरोप रंगपेशींनाही लागतो. एक निरोप हुकला की दोन्हीकडे खाडा. पुढे १९९० च्या दशकात या निरोपाची आणि त्याच्या कानाची जनुके सापडली, सॉक्स-१० हे तिसरेही. आज जगभर या आजाराला वार्डेनबर्ग-शाह म्हणतात. (हिर्शस्प्रुंगच्या बहुतेक बाळांचे केस मात्र काळेभोरच असतात.)

आता ग्रहणाचा हिशोब. ते ग्रहण २० मार्च २०१५ चे. सप्टेंबरअखेर जन्मलेल्या त्या बाळाच्या पेशींचा प्रवास तोवर संपून दोन-तीन आठवडे झाले होते. विळीवर बसण्याआधीच जे व्हायचे ते झाले होते. आणि नंतर बसली असती तरी काय बिघडले असते?

ग्रहण सोडून आता 'जनुक कुणाच्या घरातून आले' हे भांडण सुरू करू नये, हीही माझी विनंती. एंडोथेलिनच्या जनुकांमुळे होणाऱ्या शाह प्रकारात बहुधा दोन्ही घरांकडून एकेक सदोष प्रत येते. सॉक्स-१० मधला बिघाड अनेकदा बाळात नव्यानेच झालेला असतो.

सुमारे ५,००० जन्मांमागे एका बाळाला हिर्शस्प्रुंग असतो, मुलींपेक्षा मुलांना जास्त. २४ तासांत पहिली काळी शी झाली नाही तर मिडवाइफला सांगा. ४८ तास उलटू देऊ नका. हिरवी उलटी झाली तर घुटी, हिंग, एरंडेल काही न करता थेट ए अँड ई. घरात पूर्वी कुणाला हा आजार असेल, पांढरी बट किंवा जन्मजात बहिरेपण असेल, तर गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत सांगा. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून हे लपवणारी घरे मी इथे इंग्लंडातही पाहिली आहेत.

आज उपाय ऑपरेशनच. पण शेफील्ड विद्यापीठ आणि लंडनच्या यूसीएलमधल्या शास्त्रज्ञांनी हेच निरोप प्रयोगशाळेत क्रमाने देऊन मूळ पेशींपासून आतड्याच्या मज्जापेशींची पूर्वज पेशी घडवली आणि रुग्णांच्या आतड्याच्या तुकड्यांत सोडली. ते तुकडे अधिक चांगले आकुंचन पावू लागले, असे त्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. माणसांवरचा उपचार अजून दूर आहे.

तो मुलगा आता शाळेत फुटबॉल खेळतो. हा अंक आला की त्याच्या आईला मी स्वतः नेऊन देणार आहे. आजी सध्या इथेच आहेत, त्यांनाही वाचून दाखवीन.