दिवसाचा तारा आणि साडेनऊचं गेट

आपल्या ॲस्ट्रॉनॉमी क्लबसाठी नवीन दुर्बीण घ्यायचं चाललंय, ही आनंदाची गोष्ट. बहुतेकांचं म्हणणं, आठ इंची डॉब्सोनियन घ्या. शनीची कडी, ओरायनचा तेजोमेघ, सगळं दिसेल. माझं मत वेगळं आहे. आपण फक्त सूर्यासाठी बनवलेली छोटी हायड्रोजन-अल्फा दुर्बीण घ्यावी. का, ते सांगते. (कॉन्व्हेंटमुळे माझं मराठी जरा खिचडी आहे, सांभाळून घ्या!)

पहिलं कारण खगोलशास्त्राचं नाहीच. लेडीज हॉस्टेलचं गेट रात्री साडेनऊला बंद होतं. आकाश खरं रंगात येतं तेव्हा आम्ही आत असतो आणि निरीक्षणाचे किस्से दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये ऐकतो. परवानगीचा अर्ज, वॉर्डन मॅडमची सही, घरून फोन, एवढं करून वर्षातून एखादी रात्र मिळते आणि नेमके त्याच रात्री ढग! म्हणजे आठ इंची आली तरी ती अर्ध्या कॉलेजचीच. सूर्य मात्र लेक्चर सुटल्यावर सगळ्यांसमोर हजर. मेसचे काका, ऑफिसमधल्या मॅडम, लॅबचे मामा, कुणीही दोन मिनिटं थांबून बघू शकतं.

आता कुणी म्हणेल, "मग जुन्या सहा इंचीला फिल्टर लावा की! वेगळी दुर्बीण कशाला?" प्रश्न रास्त आहे. बाडरची ५.० घनतेची सौर फिल्म प्रकाशाचा फक्त एक लक्षांश भाग आत सोडते. तीही जरूर घ्यावी, सौर डाग त्यात छान दिसतात. (पण ती नळीच्या तोंडाशी पक्की बसवायची, आयपीसच्या बाजूला कधीच नाही, आणि फाइंडरला झाकण. इथे हयगय झाली तर डोळाच जाईल.) मे २०२४ मध्ये ज्या डागांच्या समूहामुळे मोठं चुंबकीय वादळ आलं आणि लडाखमधल्या हानलेचं आकाश लाल झालं, तो समूह तर नुसत्या ग्रहणाच्या चष्म्यातूनही दिसत होता.

पण तो बहराचा काळ होता. २५ वं सौरचक्र कमाल टप्प्यात पोचल्याचं नासाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. चक्र सरासरी अकरा वर्षांचं. म्हणजे यापुढे उतार, आणि हे दशक संपता संपता कितीतरी दिवस फिल्टरमधून कोरी तबकडी दिसणार. कोरी तबकडी बघायला ज्युनियर्स किती वेळा येतील?

हायड्रोजन-अल्फाचं तसं नाही. ही दुर्बीण ६५६.२८ नॅनोमीटरचा लाल प्रकाश तेवढा घेते, तोही एक अँगस्ट्रॉमपेक्षा अरुंद पट्ट्यात. आत असतो फाब्री-पेरो इटालॉन. आपण इंटरफिअरन्स परीक्षेपुरता पाठ केला, तो इथे कामाला लागलेला दिसतो! आणि दिसतं काय? सूर्याच्या कडेला उसळलेल्या ज्वाळा, तबकडीवर काळ्या दोऱ्यांसारखे फिलामेंट्स. एकही डाग नसला तरी यातलं काही ना काही बऱ्याचदा सापडतं आणि कधीकधी तासाभरात बदलतंही.

एकेकाळी या ज्वाळा बघायला खग्रास ग्रहण लागायचं. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणासाठी फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला आले होते. ज्वाळांच्या वर्णपटातल्या रेषा त्यांना इतक्या ठळक दिसल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पाहिल्या. ऑक्टोबरमध्ये लॉकयर यांनी इंग्लंडातून स्वतंत्रपणे तेच केलं. (विजयदुर्गावर 'साहेबाचे कट्टे' दाखवून लॉकयरने हेलियम इथेच शोधला असं सांगतात. गोष्ट गोड आहे, पण साहेब तेव्हा इंग्लंडात होते.) त्यांनी स्पेक्ट्रोस्कोपने जे साधलं, ते ही दुर्बीण इटालॉनने साधते.

मग कोणती घ्यायची? मोठ्या भिंगाचा हव्यास नको. ४० मि.मी. भिंगाची विभेदनक्षमता सुमारे ३ आर्कसेकंद, ६० मि.मी.ची सुमारे २. पण तापलेल्या स्लॅबवरची हवा दिवसा इतकी थरथरते, की त्याहून बारीक तपशील क्वचितच टिकतो. टेरेसऐवजी सकाळी हिरवळीवर लावा, फुकटात फरक पडेल. ६० ची किंमत ४० च्या दुपटीहून जास्त, म्हणून माझं मत ४० ला. कॅल्शियम-के दुर्बीण नकोच. ३९३ नॅनोमीटरचा प्रकाश अनेकांच्या डोळ्यांना नीट दिसत नाही, कॅमेरा लागतो. सेकंडहँड मिळाली तर आतला ब्लॉकिंग फिल्टर तपासूनच घ्या, कारण दमट हवेत कोटिंग खराब होतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबतच ठेवायला हवी.

हो, रात्री या दुर्बिणीतून काहीही दिसणार नाही. एवढे पैसे एकाच ताऱ्यावर? कोडाईकॅनालची वेधशाळा शंभरहून जास्त वर्षं याच एका ताऱ्याचे फोटो जमवते आहे. आदित्य-एल१ वरची 'सूट' दुर्बीण आपल्या पुण्याच्या आयुकाने बनवली, तीही याच एका ताऱ्यासाठी. तारा एकच आहे, पण फक्त याच ताऱ्याचा पृष्ठभाग आपल्याला इतक्या जवळून बघता येतो.

शेवटी एक स्पष्ट सांगते. दिवसाची दुर्बीण आली म्हणजे गेटचा प्रश्न मिटला, असं कुणी धरू नये. वेळ वाढवून द्या ही आमची मागणी कायम आहे, आणि ती मान्य झाली की पुढच्या वर्षी आठ इंचीसाठी पहिला हात मी वर करीन. पण यंदाचे पैसे अशा दुर्बिणीवर जावेत, जिच्यापुढच्या रांगेत सगळे उभे राहू शकतील. पटत असेल तर मीटिंगला या. नसेल पटत, तरी या आणि भांडा!