पैसा जनतेचा, नफा कंपनीचा? छोट्या अणुभट्ट्यांचा हिशोब मागा!

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपयांची घोषणा झाली. २०३३ पर्यंत किमान पाच स्वदेशी भट्ट्या सुरू करायच्या आहेत. एप्रिलमध्ये महाजेनकोने रशियाच्या सरकारी रोसाटॉमशी थोरियमच्या छोट्या भट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबरमध्ये संसदेने 'शांती' कायदा करून खासगी कंपन्यांना दार उघडले. चॅनलवाले टाळ्या वाजवतात. काटोलच्या आंबेडकरी तरुणाने मात्र विचारावे: पैसा कोणाचा, मालकी कोणाची आणि धोका कोणाच्या माथी?

आपण विजेच्या विरोधात नाही. १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात श्रमखाते सांभाळताना बाबासाहेबांनी वीज आणि जलधोरणाला आकार दिला. स्वस्त, मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि त्याशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी कळीचे उद्योग सरकारी मालकीचे असावेत, असे मांडले. म्हणजे सरकारने पैसा घालण्याला हरकत नाही. हरकत आहे ती सरकारी पैशावर खासगी नफा पिकवण्याला.

दाभोळ आठवा. १९९३ मध्ये वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी करार केला. राज्याने हमी दिली, केंद्राने प्रतिहमी दिली. २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, एन्रॉन दिवाळखोरीत गेली. पुढे २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनाच ते लोढणे गळ्यात घ्यावे लागले.

परदेशातही चित्र वेगळे नाही. ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा करून, अणुप्रकल्प बांधला जात असतानाच ग्राहकाच्या बिलातून पैसा घ्यायची सोय केली. वीज मिळण्याआधीच वसुली! अमेरिकेत नुस्केलच्या छोट्या भट्ट्यांचा प्रकल्प सरकारी मदत असूनही नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. तोवर विजेचा अपेक्षित दर मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला होता.

आता धोका पाहा. नव्या कायद्यात अपघात झाल्यास भट्टी चालवणाऱ्यावरची भरपाईची मर्यादा मोठ्या भट्टीसाठी ३ हजार कोटी आहे, सर्वांत छोट्या गटासाठी फक्त १०० कोटी. सदोष यंत्र देणाऱ्या पुरवठादाराकडून वसुली करण्याचा २०१० च्या कायद्यातला हक्कही गेला. आता करारात तशी तरतूद असावी लागेल. कोराडी-खापरखेड्याची राख कोणाच्या शेतावर आणि कोणाच्या छातीत बसली, हे नागपूर जिल्ह्याला सांगायला नको. आणि नोकऱ्या? सरकारी कंपनीत आरक्षण आहे. खासगी भट्टीत ते नाही. पैसा आपला, पण दारावर आपल्याला प्रवेश नाही, ही कसली भागीदारी?

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवा. रोसाटॉम कराराच्या अटी विधिमंडळात मांडा. जिथे सरकारी पैसा, तिथे सरकारी हिस्सा आणि आरक्षण. वीज सुरू होण्याआधी बिलातून एक पैसाही नको. भरपाईची मर्यादा वाढवा.

मित्रांनो, हे काम मोर्चापुरते नाही. माहिती अधिकारात महाजेनकोकडे कराराची प्रत मागा. वीज नियामक आयोगाच्या दरसुनावणीत लेखी हरकत नोंदवा. तो हक्क काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला आहे, तसाच वस्तीतल्या एका बल्बच्या ग्राहकालाही आहे. कोट्यवधींचे करार होतात तेव्हा आपण गप्प बसलो, तर पुढची तीस-चाळीस वर्षे बिल आपणच भरणार आहोत.

जय भीम! जय संविधान!