वेगवान बोट कोणासाठी?

आमचे विटा गाव समुद्रापासून फार दूर आहे. मग समुद्रातल्या बोटीशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. पण संबंध आहे. आमच्याकडे वाडीवस्तीवरची मुले सकाळी एसटीची वाट पाहत उभी असतात. एसटी आली नाही, तर त्यांची शाळा बुडते. बेटावर राहणाऱ्या माणसांची एसटी म्हणजे त्यांची बोट.

मुंबईजवळचे घारापुरी बेट आपल्याला ठाऊक आहे. पर्यटक त्याला एलिफंटा म्हणतात. तेथील लेण्यांना १९८७ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. लेणी पाहून पर्यटक संध्याकाळी परत जातात. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या वस्त्यांमधले लोक मात्र तेथेच राहतात. 'बंदर' म्हणजे होड्या लागण्याची जागा. फार्सीतून आलेला हा शब्द मराठीत आणि उर्दूतही रुळला आहे. या वस्त्यांमध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेने वीज पोहोचली, ती २०१८ साली! बाजार, मोठा दवाखाना, वरच्या वर्गांची शाळा यांसाठी येथील लोकांना पाणी ओलांडावेच लागते.

गेटवे ऑफ इंडियापासून साध्या लाँचने घारापुरीला जायला सुमारे एक तास लागतो. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबई, नवी मुंबई आणि घारापुरी यांना जोडणाऱ्या वेगवान जलटॅक्सीचे उद्घाटन झाले. या सेवेसाठी दोन प्रकारच्या बोटी ठरवल्या होत्या. एक स्पीडबोट आणि दुसरी कॅटामरान. कॅटामरानला दोन अरुंद तळ असतात. त्यामुळे पाण्याचा विरोध कमी होतो आणि बोट फारशी डोलत नाही. त्या वेळी जाहीर झालेले भाडे असे होते : कॅटामरानसाठी २९० रुपये आणि स्पीडबोटीसाठी ८०० ते १,२०० रुपये.

आता सांगा, एवढे भाडे देऊन रोज कोण प्रवास करील? हौशी पर्यटक एखाद्या दिवशी करील. मासे विकणारी बाई किंवा शाळेत जाणारा मुलगा करू शकणार नाही. ज्याला घाई नाही त्याला वेगवान बोट आणि ज्याच्या घरी माणूस आजारी आहे त्याला संथ बोट, हा न्याय मला पटत नाही.

हे बदलता येते. नॉर्वे देशात स्टाव्हँगर शहर आणि जवळची बेटे यांच्यामध्ये २०२२ पासून विजेवर चालणारी वेगवान बोट धावते. तिचा वेग २३ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटर आहे. ती केवळ पर्यटकांसाठी नाही. बेटावरचे रहिवासी तिने बसप्रमाणे ये-जा करतात.

भाड्याइतकीच दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुरक्षितता. १८ डिसेंबर २०२४ रोजी 'नीलकमल' ही प्रवासी बोट गेटवेहून घारापुरीला निघाली होती. तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती. इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट ताबा सुटून तिच्यावर आदळली. १५ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर गेटवेवरून बोटीने जाणाऱ्या प्रवाशांना जीवरक्षक जाकीट सक्तीचे झाले. हा नियम आधीच कसोशीने पाळायला नको होता का? रस्त्यावर ब्रेक दाबला की गाडी थांबते. पाण्यावर बोट तशी पटकन थांबत नाही. म्हणून वेग वाढला की काळजीही वाढली पाहिजे. प्रवासी मोजूनच घ्यावेत. प्रत्येकाला, लहान मुलांनाही, अंगाला बसेल असे जाकीट मिळावे. समुद्र खवळला असेल, तर बोट सोडू नये आणि प्रवाशांनीही हट्ट धरू नये.

वेगवान बोटींना माझा विरोध नाही. त्या जरूर याव्यात. पण बोट किती वेगाने धावते, एवढेच पाहून तिचे कौतुक करू नये. घारापुरीची एखादी आजी स्वतःच्या पैशांनी तिकीट काढून वेळेवर दवाखान्यात गेली आणि दिवेलागणीला सुखरूप घरी परतली, तर ती बोट खरी उपयोगाची. आमच्या एसटीचीही परीक्षा आम्ही अशीच घेतो.